मी खोडलेलं वेलिंग्टन

मागच्या महिन्यात आनंदी वेलिंग्टन सोडून ऑकलंडला, न्यू लिनला राहायला गेली. लगेच इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फर्मान निघालं. यंदाच्या, २०१९ च्या दिवाळी अंकात आनंदीवर दोन शब्द हवेत, आणि ते अनुराधाताईंनीच, म्हणजे मीच, लिहावेत, दोघींची केवढी मैत्री! मैत्री म्हणे. मी फोन पालथा टाकला आणि कणीक मळायला घेतली. सहा वर्षं मी त्या पोरीवर जळते आहे. दोन शब्द काय, पोतंभर शब्द आहेत माझ्याकडे. पण लिहायचंच तर खरं लिहीन, मग छापा नाहीतर फाडा.

आधी माझं सांगते, म्हणजे जळण्याचं कारण कळेल. मी कोथरूडची. इंग्रजी साहित्यात एम.ए., पुढे पीएच.डी.ला नाव घातलं होतं. विषय होता 'वसाहतोत्तर कादंबरीतलं शहर'. तीन प्रकरणं लिहून झाली आणि लग्न ठरलं. नवऱ्याला, रणजितला, इथे इंजिनिअरची नोकरी लागली आणि २००९ मध्ये आम्ही वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरात आलो. प्रबंध सूटकेसमध्ये आला, तो अजून सूटकेसमध्येच आहे. मी लॅम्बटन की या रस्त्यावरच्या एका विमा कंपनीत लागले. सकाळी ट्रेन, ऑफिस, संध्याकाळी ट्रेन, घर. पण मंडळात मात्र माझा दबदबा होता. दिवाळी अंकाची संपादक तेव्हा मीच, आणि दर वर्षी पहिली कथा माझीच. पुण्याची. तिथल्या गल्ल्या, तिथली माणसं, तिथला पाऊस. लोक वाचून डोळे पुसत. मला वाटे, झालं, आपण लेखिका.

आनंदी भेटली ती माझ्या परसात. २०१३ चा फेब्रुवारी, कडक ऊन होतं, म्हणून सुट्टी टाकून मी सांडगे घातले होते. बघते तर पिवळं जॅकेट घातलेली एक बाई फाटक उघडून सरळ मागे आलेली. मी ओरडले, "एक्सक्यूज मी!" ती हसली. "मराठी ना ताई? सांडग्यांवर जाळी टाका आणि कडेनं दगड ठेवा. दुपारनंतर वारा फिरणार हाय, सगळे शेजाऱ्याकडं जातील." मग भिंतीजवळ वाकून गॅसच्या मीटरचा आकडा टिपून घेतला, "स्वीट ॲज", म्हणजे झकास, असं म्हणाली आणि गेली. दुपारनंतर वारा फिरला. मी दगड ठेवले नव्हते. सांडगे गेले शेजाऱ्याकडे.

तिची नोकरीच ती होती, घरोघरी जाऊन गॅसचे मीटर वाचायचे. मूळची मंगळवेढ्याची. वडील बाळासाहेब, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, एसटीत तीस वर्षं कंडक्टर. आई ती दहावीत असताना गेली. २०११ मध्ये हॉटेलचा डिप्लोमा करायला पामर्स्टन नॉर्थला आली. पाच मुलींत एक घर, सायकलवरून कॉलेज, उरलेल्या वेळात मोटेलमधल्या चादरी बदलायच्या. डिप्लोमा झाला, पण हॉटेलात काही मन रमेना. वेलिंग्टनला आली आणि हे काम धरलं. दिवसाला चौदा-पंधरा किलोमीटर चाल, त्यात वेलिंग्टनचे जिने. एका खिशात कुत्र्यांसाठी बिस्किटं, दुसऱ्यात शेंगदाण्याची चटणी लावलेली पोळी. बाकीचे आपण या शहराला समोरच्या दारातून भेटतो, बेल वाजवून, हातात केकचा डबा घेऊन. ही मागून शिरायची. कुणाच्या परसात काय वाळतं, कुणाची म्हातारी दिवसभर एकटी बसते, कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला चावतो, सगळं हिला पाठ.

पुढे ती मंडळात यायला लागली आणि आमच्या घरीही. माझी मुलगी अस्मिता तेव्हा सात वर्षांची होती. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. आनंदी एका रविवारी तिला जंडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून आयलंड बेच्या समुद्रकाठच्या खडकांवर घेऊन गेली. परत आल्यावर कार्टी मला म्हणते, "आई, आनंदीमावशी नोज हीप्स. यू डोन्ट नो एनिथिंग हिअर." नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! पण अजून ते साधंच होतं. खरं दुखणं २०१५ मध्ये उपटलं.

त्या वर्षी अंकाचा विषय मी ठरवला, 'शहर'. म्हटलं, प्रबंधाचं कुठेतरी सार्थक होऊ दे. अकरा पानांचा लेख लिहिला. गोऱ्या साहेबानं शहरं वसवली, रस्त्यांना आपल्या लाटसाहेबांची नावं दिली. मग ज्यांना फक्त मागच्या दारानं प्रवेश होता, त्यांच्या मुलाबाळांनी कादंबऱ्या लिहिल्या आणि त्याच शहराचं वर्णन आपल्या भाषेत, मागच्या दाराकडून केलं. नकाशा साहेबाचा, पण शहर ज्याच्या टाचा तिथे झिजल्या त्याचं. म्हणून ज्या गावात पाय आहे त्याच गावाबद्दल लिहावं. असं सगळं त्यात होतं. रणजित म्हणाला, "भारी आहे. कळलं काहीच नाही."

आणि सप्टेंबरच्या एका शनिवारी आनंदी एक रेघांची वही घेऊन आली. "ताई, म्यापण लिहिलंय. बघा जमलंय का."

मी म्हटलं, "अरे वा!" मनात म्हटलं, आता हिचं शुद्धलेखन तपासत बसा.

"छापायचंच असं न्हाई," ती म्हणाली, मग लगेच, "न्हाई, छापाच. अण्णांसाठी लिहिलंय." अण्णांच्या किडन्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा सोलापूरला डायलिसिस. विमानात बसणं आता या जन्मी शक्य नव्हतं. "फोनवर रोज विचारतात, तुझं गाव कसं हाय? मी फोटो पाठवते. म्हणतात, फोटूत चढ कळत न्हाई, वास येत न्हाई. मग म्हटलं, लिहूनच दाखवावं. माझ्या दारापासनं समुद्रापर्यंत त्यांना हाताला धरून चालवत न्यायचं. छापलेलं असलं की चारचौघांना दाखवतील पण. तेवढं एक झालं ना ताई, मग मला काही नको."

ती गेल्यावर मी चहा घेऊन वाचायला बसले. चहा निवला.

सरळ सांगते, दुसऱ्या परिच्छेदातच मला कळलं की हे माझ्या सगळ्या कथांपेक्षा चांगलं आहे. गोष्ट कसली, मीटर वाचणाऱ्या एका बाईचा एक दिवस. पण काय शहर उभं केलं होतं! इथल्या ब्रुकलिनचा चढ, त्यात तिसऱ्या वळणावर भाजलेल्या कॉफीचा वास आणि तिथेच धाप लागते. दोनशे अकरा पायऱ्यांचं एक घर, जिथे मालकासाठी छोटी केबल कार आहे आणि मीटरवालीनं पायऱ्याच चढायच्या. एक म्हातारी दर एप्रिलमध्ये हिच्यासाठी फेजोआची, म्हणजे इथल्या पेरूसारख्या फळांची, पिशवी मीटरच्या पेटीत ठेवते आणि स्वतः कधी बाहेर येत नाही. एक माओरी आजोबा "किया ओरा, गर्ल" म्हणून बसवून घेतात आणि सांगतात, तुम्ही ज्याला माउंट व्हिक्टोरिया म्हणता ना, त्याचं जुनं नाव मातायरंगी. आणि शेवटी दक्षिणेचा वारा अंगावर घेत समुद्र.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अगं, सहा वर्षं मी इथे राहते! मी लेख लिहायचा, 'ज्या गावात पाय आहे ते लिहा' म्हणून लोकांना अकरा पानं शिकवायचं, आणि ते करून कुणी दाखवावं, तर मंगळवेढ्याच्या या पोरीनं? जिनं एक कादंबरी धड वाचलेली नाही? माझ्याकडे शहर होतं कुठलं, तर सहा वर्षांपूर्वी सोडलेलं पुणं, तेही आता तसं राहिलेलं नाही. हिच्याकडे अख्खं जिवंत वेलिंग्टन. मला ते तिच्या हातातून हिसकावून घ्यावंसं वाटलं. आणि मी तेच केलं.

दुसऱ्या दिवशी फोन केला. आवाजात साखर घोळली. "आनंदी, प्रयत्न छान आहे हं. पण आपले वाचक सगळे पुण्या-मुंबईचे. वेलिंग्टन ते रोज बघतात, त्याचं त्यांना काय? शहर बदलू या का? पुणं करू."

"पण ताई, पुण्याला मी दोनदाच गेले. एकदा आयईएलटीएसच्या परीक्षेला, एकदा व्हिसाच्या मेडिकलला."

"मी आहे ना! मी करते सगळं."

ती म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला समजतं. पण ताई, अण्णांना गाव दिसेल ना त्यात?"

"दिसेल की," मी म्हटलं.

मग लाल पेन घेऊन बसले. ब्रुकलिनचा चढ खोडला, पर्वतीचा केला. समुद्र खोडून खडकवासला. फेजोआचे पेरू. आजोबांच्या "किया ओरा, गर्ल"चं "राम राम, पोरी". मातायरंगीचं अख्खं पानच काढलं. गॅस सिलिंडरचा केला, मीटर विजेचे केले. इतकं मन लावून मी प्रबंधसुद्धा लिहिला नव्हता. संपलं तेव्हा गोष्ट बरी होती. नुसती बरी, माझ्या गोष्टींसारखी. मग मला शांत झोप लागली, हेही लिहूनच टाकते.

अंक नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आला. लोकांनी माझ्या कथेवर डोळे पुसले, आनंदीला "छान हं, लिहीत राहा" म्हणाले. तिनं पीडीएफ मंगळवेढ्याला पाठवली, तिथल्या झेरॉक्सवाल्यानं अण्णांना छापून दिली. माझ्या लेखी विषय संपला.

पुढच्या रविवारी दुपारी चारला दारात आनंदी उभी. डोळे सुजलेले. "ताई, अण्णा तीन दिवस माझ्याशी नीट बोलत न्हाईत. म्हणतात, ही गोष्ट तुझी न्हवं, कुणाची तरी उचललीस. मी सांगून थकले. आता म्हणतात, संपादकबाईंनाच विचारतो. तुम्ही सांगा त्यांना." आणि आत येता येता तिनं फोन लावलासुद्धा. ओट्यावर फोन ठेवला, स्पीकर चालू केला. मंगळवेढ्यात सकाळचे साडेआठ वाजले होते, मागे कुणाचा तरी रेडिओ लागला होता.

"नमस्कार ताई. मी बाळासाहेब." आवाज खोल गेलेला, पण शब्द ठाम. "अंक लई चांगला काढलाय तुम्ही. पैल्यापासनं शेवटपतुर वाचला. डायलिसिसला चार-चार तास पडून आसतो, दुसरा उद्योग न्हाई. तुमचा ल्येख तर दोन डाव वाचला. अवघड हाय, पण कळला."

मी म्हटलं, "थँक यू, अण्णा." रणजितला न कळलेला लेख.

"एक इचारतो, राग मानू नका. ही गोष्ट आमच्या आनंदीची हाय का?"

"म्हणजे काय! तिचीच आहे."

"ती पुण्याला दोन डाव गेलीया. दोन्ही डाव मी संगं हुतो. पर्वती आमी लांबनं बघितली, चढलो न्हाई. मंग ह्यो चढ, ही धाप कुणाची? बरं, दुसरं. ह्यात लिवलंय, ऐन थंडीत दुपारचं ऊन उत्तरंच्या भिंतीवर पडतं, म्हणून मीटरवाली तितं पाठ शेकत हुबी राहती. म्या तीस वर्षं एसटीत काढली. कुठल्या खिडकीला ऊन येणार, ह्ये गाडी सुटायच्या आधी पॅसिंजरला सांगत हुतो. आपल्याकडं थंडीत उत्तरंच्या भिंतीला ऊन लागत न्हाई. मंजी जिनं लिवलं तिनं पुणं बघितलेलंच न्हाई. पोरीनं कुणाचं तरी उचलून मोडतोड केलीया, आसं मला दिसतंय. तसं आसंल तर सांगा. मला खरं ऐकायचंय."

इथे सूर्य उत्तरेकडून जातो. पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात राहतो आपण, ऊन उत्तरेच्या भिंतीलाच पडायचं आणि दक्षिणेच्या भिंतीला शेवाळं. माझ्या दिवाणखान्यात थंडीत मस्त ऊन येतं एवढं मला ठाऊक, पण ती दिशा कुठली, हे सहा वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं. सगळं खोडलं आणि नेमकं हे राहिलं, कारण मला ते दिसलंच नाही.

"अण्णा, चोरी वगैरे काही नाही," मी म्हटलं. "गोष्ट तिनं वेलिंग्टनवरच लिहिली होती. मी पुण्याची केली. वाचकांच्या सोयीसाठी."

"वाचकांच्या?" अण्णा म्हणाले. "पर ताई, तुमच्याच ल्येखात लिवलंय की, ज्या गावात पाय हाय त्याच गावाचं लिवावं. म्या त्याला खूण करून ठिवलीया. मंग पोरीनं तेच केलं तर तुम्ही का खोडलं?"

आनंदी माझ्याकडे बघत होती. मला अजून दहा कारणं सुचत होती, पानांची मर्यादा, मंडळाचं धोरण, काय वाटेल ते. पण तिकडे एक माणूस आपल्या मुलीला चोर समजत होता आणि ते थांबवायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"मी जळले, अण्णा," मी म्हटलं. "तिनं माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं होतं. मला ते बघवलं नाही. म्हणून खोडलं. ती काही चोर नाही, चोर मी आहे."

इकडे आनंदी खुर्चीत बसली. "म्हणजे ताई," ती हळू म्हणाली, "गोष्ट वाईट नव्हती? दोन महिने मला वाटतंय, माझं गावच भिकार हाय, म्हणून तुम्ही बदललं." आणि मग तिचा आवाज चढला. "मी त्या रस्त्यानं जाताना मान खाली घालून जायले ओ! मला आवडणं बंद झालं तिथलं!"

माझ्याच तोंडात मारल्यासारखं झालं. मला रडू आलं, पण रडायचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता.

तेवढ्यात फोनमधून खोकल्यासारखा आवाज आला. अण्णा हसत होते. "जळला व्हय? शिकलेली बाई जळली मंजी चांगलंच आसंल. आनंदे, रडू नगं. म्या चुकलो, तुला नको ते बोललो. ताई, ते खरं हाय का तुमच्याकडं? का फाडून टाकलं?"

होतं. लाल रेघांखाली सगळं होतं. मी वही आणली आणि आनंदीपुढे धरली. तिनं हात मागे घेतला. "तुम्ही वाचा," ती म्हणाली. "तुम्ही खोडलंय, तुम्हीच वाचा."

मी वाचायला लागले. न्यूटाउनमधलं तिचं दार, दारापुढची उतरण, डेअरीवाला, म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, दूध द्यायच्या आधी तिच्या पायांची चौकशी करतो ते. लाल रेघेखालचं अक्षर लागत नव्हतं, अडखळत होते. शिवाय अण्णा कंडक्टर. दर दोन ओळींनी गाडी थांबवत. "थांबा. ह्यो चढ उजव्या हाताला का डाव्या?" मला ठाऊक नसायचं. मी आनंदीकडे बघायची. ती आधी तुटक सांगत होती, "डाव्या." मग जरा लांब. मग उठून ओट्याशी आली आणि हातानं वळणं काढून दाखवायला लागली, जणू अण्णांना ती दिसणारच होती. "कॉफीचा वास कुठनं येतो?" "आणि तो म्हातारबा बसतो कुठं? वट्यावर?" "मातायरंगी, परत म्हणा की ताई, मातायरंगी." मी परत म्हटलं. प्रत्येक वाक्य वाचताना मला वाटत होतं, हे माझं असायला हवं होतं. हो, तेव्हाही. कबुली दिली म्हणून कुणाचं पोट दुखायचं थांबत नाही.

समुद्रापाशी पोचलो तेव्हा पाऊण तास झाला होता. अण्णांना धाप लागल्यासारखी वाटली. मी विचारलं, "थांबू का? त्रास होतोय?"

"न्हाई न्हाई. चाललोय न्हवं एवढं. पोचलो का आपण?"

"पोचलो, अण्णा," आनंदी म्हणाली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

अण्णा म्हणाले, "बेस हाय गाव." आणि मग अगदी सहज, मंगळवेढ्याच्या स्टँडवर पॅसिंजरला विचारावं तसं मला विचारलं, "ताई, तुमाला तितं किती वर्सं झाली?"

"सहा."

"मंग ह्यातलं काय काय ठावं हुतं तुमाला?"

मी वहीकडे पाहिलं. पानं उलटी-सुलटी केली, एखादं तरी सापडेल म्हणून.

"काहीच नाही, अण्णा," मी म्हटलं.